रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलंय, मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे, मालवण तालुक्यात गावी असतात, तुम्ही डोंबिवलीला. टाइप २ डायबेटिस नऊ वर्षांपासून, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ७.१, बीपीची एक गोळी चालू. गेल्या महिन्यातल्या लिपिड प्रोफाइलमध्ये एकूण कोलेस्टेरॉल १८२, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १०४, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २२०. डॉक्टरांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० लिहून दिली. ही स्टॅटिन गटातली, कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. वडिलांनी ती आठ दिवस घेतली. मग शेजारी कुणीतरी ‘ह्या गोळयेन लिव्हर जाता आणि शुगर वाढता’ म्हणाला आणि पाकीट फळीवर गेलं. तुमचं म्हणणं, एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत आहे, लॅबने समोर ‘नॉर्मल’ छापलंय, छातीत कधी दुखलेलं नाही, ईसीजी चांगला आहे. मग जन्मभराची गोळी कशाला? आणि शंका नको म्हणून मुंबईला आणून सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या वाहिन्यांचं स्कॅन) करून घेऊ का?

मी सिंधुदुर्गात बावीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. माझ्या ओपीडीत रोज निम्मे तरी पेशंट शुगरचे असतात, आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनतीनदा येतो. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे प्रिस्क्रिप्शन समजू नका. पण जेवढं लिहिलंय तेवढ्यावरून सांगायचं तर मीही ती गोळी लिहिली असती. का ते नीट सांगतो, कारण कारण न पटता दिलेली गोळी शेवटी फळीवरच जाते.

आधी त्या ‘नॉर्मल’ शब्दाचं बघू. लॅबच्या कागदावर उजवीकडे जी रेंज छापलेली असते ती येणाऱ्या प्रत्येकासाठी एकच असते. सकाळी मशीनमध्ये गेलेलं रक्त पंचवीस वर्षांच्या कबड्डीपटूचं आहे की नऊ वर्षं शुगर असलेल्या माणसाचं, हे कागदाला कळत नाही. शुगर तपासताना उपाशी ११० आली तर ‘वाढलीय’ आणि ८५ आली तर ‘बरोबर’ असं सरळ म्हणता येतं. कोलेस्टेरॉलचं तसं नाही. एलडीएल १०४ हा आकडा चांगला की वाईट हे तो कुणाच्या अंगात आहे त्यावर ठरतं. म्हणून तुमचा खरा प्रश्न ‘कोलेस्टेरॉल वाढलंय का’ हा नाहीच. ‘या माणसाला पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिस होण्याची शक्यता किती, आणि ती कशाने कमी होईल’ हा आहे. टाइप २ डायबेटिसमुळे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो. गोळी त्या धोक्यावर आहे.

हे मी कसा शिकलो ते सांगतो, कारण पुस्तकात वाचून मलाही ते पुरतं कळलं नव्हतं. एक तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचा प्रमुख, माझ्याकडे यायचा. चोपन्न वर्षांचा, काटक, पोट अजिबात सुटलेलं नाही, शुगर सहा-सात वर्षांची. एके सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना त्याला दरदरून घाम सुटला आणि दम लागला. घरच्यांनी लिंबू-सोडा दिला, ओवा दिला, दुपारी माझ्याकडे आणला. मी विचारलं, छातीत दुखतंय का? तर म्हणाला, ‘छातीत काय एक दुखणा नाय, नुसतो दम लागता.’ ईसीजी काढला, आणि पट्टी मशीनमधून बाहेर येत असतानाच दिसलं की हृदयाच्या पुढच्या भिंतीचा अटॅक पाच-सहा तास होऊन गेलाय. पुढे त्याला कोल्हापूरला पाठवलं, वाचला, पण हृदयाचं पंपिंग कमी झालं ते झालंच. त्या रात्री मी त्याचा जुना केसपेपर काढला. दोन वर्षांपूर्वीचा लिपिड रिपोर्ट: एकूण कोलेस्टेरॉल १७६, एलडीएल ९८. आणि खाली, माझ्याच अक्षरात: ‘लिपिड नॉर्मल.’ गोळी मी लिहिलीच नव्हती. गोळी दिली असती तर अटॅक आलाच नसता असं नाही म्हणत, पण जी संधी होती ती मी एका शब्दाने घालवली होती. त्यानंतर शुगरच्या पेशंटच्या कागदावर मी लिपिडपुढे नॉर्मल हा शब्द लिहीत नाही. आकडा लिहितो आणि पुढे किती पाहिजे तो आकडा.

आता शुगरवाल्यांचं कोलेस्टेरॉल वेगळं का असतं ते. इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की पोटावरची चरबी सैल सुटते आणि तिचे फॅटी अ‍ॅसिड लिव्हरकडे वाहत राहतात. लिव्हर त्याचे ट्रायग्लिसराइडने भरलेले कण करून रक्तात सोडतं. हे कण रक्तात फिरताना एलडीएल आणि एचडीएल कणांशी मालाची अदलाबदल करतात. परिणामी एचडीएल घटतं, आणि एलडीएलचे कण लहान, घट्ट होतात आणि संख्येने वाढतात. वडिलांचा रिपोर्ट याचा नमुनाच आहे: ट्रायग्लिसराइड्स वर, एचडीएल खाली, एलडीएल दिसायला बरं. पण लॅब एलडीएलमधल्या कोलेस्टेरॉलचं वजन सांगते, कण किती आहेत ते सांगत नाही. हजार किलो बांगडा एका ट्रकने गेला काय किंवा वीस टेम्पोंनी गेला काय, वजनकाट्यावर हजारच. पण करूळ घाटात एका वाहनाच्या जागी वीस वाहनं आली. धमनीच्या भिंतीत घुसतो तो कण, आणि जितके कण जास्त तितक्या वेळा घुसणार. म्हणून ९८ आणि १०४ वर आम्ही गाफील राहत नाही.

कण मोजायची एपोबी नावाची तपासणी असते. प्रत्येक अशा कणावर एपोबीचा एकच रेणू असतो, म्हणून ती सरळ मोजणी आहे. आपल्या भागात ती सगळीकडे होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो. पण त्याचा गरिबाघरचा भाऊ तुमच्या हातातल्या कागदावरच आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. १८२ वजा ३४, झाले १४८. याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि शुगरच्या माणसात मी एलडीएलच्या आधी हाच आकडा बघतो. याचं आणखी एक कारण आहे. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, काढतात. एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करतात. तुमच्याच रिपोर्टवर करून बघा: १८२ मधून ३४ आणि ४४ गेले की १०४. १९७२ सालचं हे सूत्र साध्या माणसांत ठीक चालतं, पण ट्रायग्लिसराइड्स चढले की डगमगतं आणि ४०० च्या पुढे तर निकामीच होतं. नॉन-एचडीएलच्या वजाबाकीत ही भानगड नाही, आणि त्यासाठी उपाशी राहायचीही गरज नाही. (हे मुद्दाम लिहितोय. आमच्याकडे माणसं शुगरची गोळी घेऊन, पोटात काही नसताना पहिल्या एसटीने तपासणीला येतात आणि साडेनऊला बाकावर हातपाय थरथरत बसलेली असतात. लिपिडसाठी हे करू नका. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर आले तरच उपाशीपोटी परत करायचं.)

मग किती पाहिजे? कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार डायबेटिस असलेला माणूस जास्त धोक्याच्या गटात, म्हणजे एलडीएल ७० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १०० च्या खाली. अटॅक किंवा स्ट्रोक (पॅरालिसिसचा झटका) होऊन गेला असेल तर एलडीएल ५५ च्या खाली. तुमच्या वडिलांचं १०४ आणि १४८ आहे. लॅबच्या मापाने नॉर्मल, त्यांच्या मापाने बऱ्यापैकी वर. शुगरबरोबर बीपी आहे, एचडीएल पुरुषाला ४० हवं तिथे ३४ आहे, आणि आपल्याकडे हार्ट अटॅक पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच येतात. ५२ देशांतल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात (२००४) दक्षिण आशियातल्या लोकांचा पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला होता.

‘पण एलडीएल फार नाही तर गोळीचा उपयोग तरी काय?’ याचं उत्तर २००४ सालीच मिळालेलं आहे. कार्ड्स नावाचा अभ्यास ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झाला. टाइप २ डायबेटिसची २,८३८ माणसं, कुणालाही आधी हृदयविकार नाही, एलडीएल १६० च्या आत. अर्ध्यांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १०, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी थांबवला. हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी. आणि आपल्या कामाचा भाग हा की ज्यांचं एलडीएल सुरुवातीला १२० च्या आत होतं त्यांनाही तेवढाच फायदा झाला. टक्क्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. हिशेब असा मांडा: समजा तुमच्या वडिलांसारखी शंभर माणसं घेतली आणि त्यातल्या वीस जणांना दहा वर्षांत अटॅक किंवा स्ट्रोक येणार होता. एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की अशा घटना पाचव्या हिश्शाने कमी होतात. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० ने १०४ चं साधारण ६० होईल, म्हणजे उतार चाळीसच्या वर. वीसपैकी चार-पाच वाचले. उरलेल्या पंधराएकांना गोळी घेऊनही घटना होणार, आणि ऐंशी जणांना न घेताही काही झालं नसतं. तुमचे वडील यातल्या कुठल्या रांगेत आहेत हे आज मला कळत नाही, कुणालाच कळत नाही. म्हणून शंभरही जणांना देतो.

आता शेजाऱ्याकडे वळू. त्याचं अगदीच चूक नाही. स्टॅटिनने शुगर किंचित वाढते. ज्यांची शुगर काठावर असते त्यांच्यात काही जणांना डायबेटिस थोडा लवकर लागतो. पण ज्याला नऊ वर्षं शुगर आहेच त्याचं एचबीएवनसी यामुळे एखाद-दुसऱ्या दशांशाने हलतं, ७.१ चं ७.२. एवढा फरक तर मे महिन्यात हापूसच करतो. त्यासाठी ती गोळी बंद करणं म्हणजे पागोळी गळते म्हणून छप्पर काढणं.

लिव्हरचं म्हणाल तर गोळी सुरू करण्याआधी एकदा एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) बघावं एवढं पुरतं. दर तीन महिन्यांनी करायची गरज नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो नियम २०१२ मध्येच काढून टाकला. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या पुढे गेलं तर थांबून कारण शोधायचं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं म्हणून स्टॅटिन बंद केलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा वाईट वाटतं, कारण शुगर आणि फॅटी लिव्हर एकत्र असलेल्या माणसाला हार्टचा धोका उलट जास्त. त्याला तर ती हवीच.

अंगदुखीची तक्रार सगळ्यात जास्त येते. इथे मी पेशंटला खोटं पाडत नाही, दुखतं म्हणतो म्हणजे दुखतं. पण लंडनमध्ये २०२० साली एक सुंदर प्रयोग झाला. स्टॅटिनने त्रास होतो म्हणून ती सोडलेल्या साठ लोकांना बाटल्या दिल्या: काहींत स्टॅटिन, काहींत खोटी गोळी, काही रिकाम्या. आलटून पालटून वर्षभर. स्टॅटिनच्या महिन्यात जेवढा त्रास, त्याच्या नव्वद टक्के खोट्या गोळीच्या महिन्यातही होता. रिकाम्या महिन्यात मात्र कमी. म्हणजे दुखणं खरं होतं, पण बहुतेक करून गोळी गिळण्याच्या धास्तीचं होतं. हे ऐकून निम्मे अर्धे शांत होतात. बाकीच्यांचं मी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि डी जीवनसत्त्व बघतो, कारण थायरॉइड मंद असेल तर स्नायूही दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढतं. मग डोस कमी करून किंवा गोळी बदलून बघतो, दिवसाआड देतो. मांड्या-दंडांत जोरच उरला नाही, लघवी चहासारखी झाली, तर मात्र गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठायचा. हे फार क्वचित होतं, पण माहीत असावं.

आणि ‘केमिकल नको, नैसर्गिक काहीतरी द्या’ म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. या गोळ्यांच्या घराण्याचा मूळपुरुष एका निळसर-हिरव्या बुरशीत सापडला. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासल्या, आणि कामाची निघाली ती क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची. आपण भात खाणाऱ्यांनी तरी नाक मुरडू नये.

कशावर काय अवलंबून आहे तेही सांगतो. एकेकाळी शिकवत की डायबेटिस म्हणजे एक अटॅक येऊन गेल्यासारखंच समजा. आता तितकं सरसकट कुणी म्हणत नाही. बत्तीस वर्षांचा माणूस, शुगर कालच निघालेली, बाकी काही नाही, त्याला मी आधी सहा महिने वजन-चालण्यावर ठेवतो. मूल हवं असलेल्या किंवा गरोदर बाईला स्टॅटिन देत नाही. ऐंशीच्या पुढच्या, बऱ्याच गोळ्यांवर असलेल्या आजींचं वेगळं गणित. चाळीस ते पंचाहत्तर या वयात मात्र शुगर असेल तर निदान मध्यम डोस द्यायचाच, यावर जगभर मतभेद जवळपास नाहीत. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला दोन गोष्टी हव्यात ज्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत: क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण. हे प्रमाण ३० च्या वर असेल तर किडनीबरोबरच हृदयाच्या वाहिन्यांनाही त्रास सुरू झालाय असं धरतो, आणि मग शुगरची गोळीही त्या हिशेबाने निवडतो, कारण एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधं शुगर उतरवण्यापलीकडे हार्ट आणि किडनी सांभाळतात. आणखी एक, आयुष्यात एकदाच करायची लिपोप्रोटीन-ए ही तपासणी. रक्तातल्या या एलडीएलसारख्या कणाचं प्रमाण आनुवंशिक असतं. घरात कुणी पन्नाशीच्या आत अटॅकने गेलं असेल तर जरूर करा, आणि वडिलांची जास्त आली तर तुमचीही.

सीटी अँजिओग्राफी? त्रास काहीच नसेल तर माझं उत्तर नको. शुगरवाल्या, तक्रार नसलेल्या लोकांत हृदयाची तपासणी करून ब्लॉकेज शोधत बसण्याने अटॅक कमी होत नाहीत, हे २००९ च्या एका चाचणीत दिसलं आहे. आणि साधा विचार करा: तपासणीत काही निघालं तरी स्टॅटिन, काही नाही निघालं तरी स्टॅटिन. उत्तर बदलणार नसेल तर कॉन्ट्रास्टचा (स्कॅनसाठी शिरेत सोडायच्या औषधाचा) किडनीला ताप कशाला? चालताना दम लागतो, चढ चढताना जबडा किंवा हात भरून येतो असं काही असेल तर गोष्ट वेगळी, मग लगेच दाखवा. अ‍ॅस्पिरिनही कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. २०१८ मध्ये पंधरा हजारांवर डायबेटिक लोकांचा अभ्यास आला, त्यात अ‍ॅस्पिरिनने अटॅक-स्ट्रोक थोडे कमी झाले आणि मोठे रक्तस्राव वाढले. आधी अटॅक नसलेल्या माणसाला ते सरसकट देण्यात अर्थ नाही.

ट्रायग्लिसराइड २२० साठी वेगळी गोळी आत्ता नको. ते बहुतेक करून भाताच्या ढिगाने, दारूने आणि शुगरने वाढतात. ५०० च्या पुढे गेले की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती, तेव्हा फायब्रेट (ट्रायग्लिसराइड उतरवणारी गोळी). एचडीएल वाढवायच्या गोळ्या येऊन गेल्या, आकडा वाढला पण अटॅक कमी झाले नाहीत. रोजचं चालणं बरं.

आता जेवण, कारण गावी फोन केला की पहिला प्रश्न हाच असतो. ‘नारळात कोलेस्टेरॉल नसता ना?’ नसतं. कुठल्याच झाडाच्या वस्तूत नसतं. पण खोबरेलातली जवळपास नव्वद टक्के चरबी संपृक्त असते, आणि ती लिव्हरला एलडीएल कमी उचलायला लावते. शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलाऐवजी खोबरेल वापरलं तर एलडीएल साधारण दहाने वाढतं. म्हणून मी नारळ बंद करा म्हणत नाही (सांगूनही कुणी ऐकणार नाही, आणि मीही ऐकणार नाही). मी एकच विचारतो: एका नारळात घरातली किती माणसं जेवतात? दोन म्हणाले तर चार करा. रोजची सोलकढी असेल तर चार दिवस फुटी कढी करा, नारळाच्या रसाशिवायची. बांगडा-तारली खुशाल खा, तिखलं करून किंवा तव्यावर चमचाभर तेलात. रवा लावून तेलात बुडवलेली तुकडी आठवड्याला एकदा. कोळंबीला लोक उगाच घाबरतात. तिच्यात कोलेस्टेरॉल आहे, पण संपृक्त चरबी अगदी थोडी, आणि रक्तातलं एलडीएल जास्त करून त्या चरबीवर हलतं. सुकट-खाऱ्याचं भय मिठाचं आहे, बीपीसाठी. कुळथाची पिठी, वालाची, चवळीची उसळ वाढवा आणि तेवढा भात कमी करा. उकडा तांदूळ शुगरला जरा बरा, पण ‘उकडा आसा’ म्हणून दोन मुदी जास्त घेतल्या की सगळं फिटलं. हे सगळं करूनही एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरेल, १०४ चं ९० होईल. सत्तरच्या खाली निव्वळ जेवणावर कुणी गेलेलं माझ्या आठवणीत फार नाही.

वडील बिडी ओढत असतील तर वरच्या सगळ्याआधी ते. आई मशेरी लावत असेल तर तेही तंबाखूच आहे. बायका ‘मी काय ओढत नाय’ म्हणतात तेव्हा मी बोट पुढे करून दात घासायची खूण करतो, मग हसतात. आणि आईला शुगर असेल तर हे सगळं उत्तर तिलाही लागू. बायकांना हृदयविकारापासून जी नैसर्गिक सवलत असते ती डायबेटिस बरीचशी काढून घेतो.

एक गोष्ट वडिलांना आजच फोनवर सांगा. जुन्या शुगरमध्ये नसा बधिर होतात, अटॅक न दुखता येऊ शकतो. कारण नसताना घाम, दम, ओकारी, जबड्यात किंवा पाठीत भरून येणं, एकदम गळून जाणं, हे ‘गॅस’ म्हणून ओव्यावर घालवायचं नाही. १०८ ला फोन किंवा मिळेल ती रिक्षा, आणि जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त काम करतं, आणि अँजिओप्लास्टीची सोय आमच्या बहुतेक गावांपासून तासा-दोन तासांच्या रस्त्यावर आहे, पावसात त्याहून लांब. मुंबईत राहून हे अंतर लक्षात येत नाही.

तर वडिलांशी वाद न घालता एवढं करा. ज्यांनी गोळी लिहून दिली त्याच डॉक्टरांकडे त्यांना परत पाठवा, गोळी मध्ये बंद केली होती हे लपवू नका म्हणावं. आम्ही रागावत नाही, रागावलो तरी दोन मिनिटं. लघवीची ती तपासणी आणि एसजीपीटी राहिलं असेल तर करून घ्या. गोळी परत सुरू झाली की रात्रीचीच हवी असं नाही, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन कधीही चालते. शुगरच्या गोळीबरोबर सकाळी पेजेनंतर घेतली तर विसरायची नाही. महाग वाटत असेल तर जनऔषधीच्या दुकानात तीच मिळते. आठ-दहा आठवड्यांनी लिपिड पुन्हा करा, पोटभर नाश्ता करून. नॉन-एचडीएल १०० च्या खाली आलं तर तोच डोस चालू ठेवायचा. नाही आलं तर डोस दुप्पट केल्याने जेमतेम सहा टक्के उतरतं, त्यापेक्षा इझेटिमाइब (कोलेस्टेरॉल उतरवणारी वेगळ्या गटातली गोळी) जोडलेलं मला बरं वाटतं. आणि एलडीएलचा आकडा ६० पर्यंत उतरला की वडील म्हणतील, ‘आता नॉर्मल झाला, बंद करूया.’ तो आकडा गोळी चालू आहे म्हणून ६० आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.